नांदेडचा अंक आणि लातूरचा फेरा

गावाचे नाव आंब्याला, साडीला, चिवड्याला अथवा पेढ्याला लागावे, ही आपल्याकडील जुनी आणि सर्वमान्य रीत आहे. परंतु गावाचे नाव एखाद्या संख्येला लागावे, असा बहुमान भूतलावरील ज्या मोजक्या स्थळांच्या वाट्याला आला, त्यांत देवळाली आणि डोंबिवली ही दोन मराठी नावे आहेत, ही गोष्ट त्या दोन्ही गावच्या रहिवाशांनादेखील बहुधा ठाऊक नसावी. या नामकरणाचे यजमान म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. डहाणूस १९०५ साली जन्मलेला, फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन देवळालीच्या शाळेत निवृत्तीपर्यंत मास्तरकी केलेला हा गृहस्थ रिकाम्या वेळी संख्यांची कुळे आणि गोत्रे तपाशीत असे. कोणतीही संख्या घ्यावी, तिच्याच अंकांची बेरीज तिच्यात मिळवावी, म्हणजे तिला एक अपत्य होते. ज्या संख्या अशा रीतीने कोणाच्याच पोटी जन्मत नाहीत, उदाहरणार्थ २० किंवा ३१, त्या स्वयंभू, आणि अशा स्वयंभू संख्यांना त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले. दुसऱ्या एका जातीच्या संख्या त्यांना डोंबिवली स्थानकावर सुचल्या, म्हणून त्या स्थानकाच्या तत्कालीन नावावरून 'डेम्लो' म्हणून ख्यात झाल्या. लोकल गाडीची वाट पाहता पाहता डोंबिवलीस आजवर लक्षावधी लोकांना बरेच काही सुचले असेल, पण ते छापण्याजोगे असल्याचे हे एकमेव उदाहरण असावे.

मराठवाड्यातील एकाही गावाचे नाव कोणत्याही संख्येला लागलेले नाही, हा अनुशेष सिंचन, रेल्वे आणि रस्ते यांच्या अनुशेषाइतकाच जुना असून त्यावर अद्याप एकही समिती नेमली गेलेली नाही. याचे खापर कापरेकरांवर फोडणे अन्यायाचे होईल. १९४६ साली ६१७४ ही त्यांची जगप्रसिद्ध संख्या त्यांना गवसली, तेव्हा नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे निजामाच्या अमलाखाली होती; तेथे नाणे चाले ते हाली सिक्क्याचे, आणि सरहद्द ओलांडून सोलापुरास गेले की सात हाली रुपयांचे सहा कलदार होत. ज्या रयतेला मिरचीपासून म्हशीपर्यंत प्रत्येक जिनसेचा भाव साताने भागून सहाने गुणावा लागे, त्या रयतेकडे निव्वळ हौसेखातर संख्यांशी खेळण्याचे त्राण उरले नसले, तर त्यात नवल नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आम्ही मुक्त झालो. भागाकारातून सुटका व्हायला मात्र आणखी काही वर्षे लागली.

यथावकाश आमच्याही गावांना एकेक भारदस्त संख्या मिळाली, पण ती गणितशास्त्राकडून नव्हे, डाक खात्याकडून. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर सहा अंकी पिन कोड अमलात आला, आणि त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे खात्यातील उच्च अधिकारी असूनही संस्कृत कवी होते, किंवा संस्कृत कवी असूनही उच्च अधिकारी होते. सुलट वाचल्यास रामाची आणि उलट वाचल्यास कृष्णाची स्तुती होईल, असे विलोमकाव्य त्यांनी रचले होते. ही माहिती येथे नमूद करण्याचे कारण असे की, त्यांनी दिलेल्या अंकांची उलटसुलट करण्याचा प्रसंग आपल्यावर लवकरच येणार आहे. नांदेडला मिळाला ४३१६०१ आणि लातूरला ४१३५१२. आरंभीचे तीन अंक दोघांचे तेच, केवळ क्रम निराळा. एकाच घराण्यातील दोन भाऊबंदांनी एकमेकांचे तोंड न पाहण्याचा निश्चय करून दाराच्या दिशा बदलाव्यात, तसा. त्या वेळी लातूर हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, १९८२ पर्यंत तो उस्मानाबादेत मोडत असे, म्हणून उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, ४१३५०१ हा मानाचा अंक गेला आणि लातूर अकरा पायऱ्या खाली बसले. गंमत अशी की, मातृजिल्ह्याचा आणि कन्याजिल्ह्याचा, दोघांचाही अंक त्याच अकराने निःशेष भागला जातो. वाटणी झाली, तरी सामाईक विहीर राहते ती अशी.

या अंकांकडे पत्त्याची शेपटी म्हणून न पाहता पूर्ण संख्या म्हणून पाहण्याची बुद्धी मला झाली, याला कारण आमचे व्याही. ते लातूरचे; महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले; मूळ कागद पाहिल्यावाचून सूर्य उगवल्याचेही मान्य न करणारे. त्यांची कन्या आमच्या घरात सून म्हणून आली, तेव्हापासून नांदेड श्रेष्ठ की लातूर, हा वाद आमच्या दोन्ही घरांत मानपानाच्या यादीत नसलेला, पण कधीही न चुकणारा विधी होऊन बसला आहे. त्यांनी एकदा डाळीचा दर, 'लातूर पॅटर्न'चे गुण आणि गंजगोलाईतील सोळा रस्ते अशी सर्व आयुधे वापरून संपवल्यानंतर मी सहज म्हणालो, ''व्याहीबुवा, आता आपण केवळ अंकांवर निकाल लावू. आकडा कोणाच्या बाजूने खोटी साक्ष देत नाही.'' उभा जन्म आकडे लिहिण्यात घालवलेल्या त्या गृहस्थांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिले की, मला क्षणभर या सिद्धांताविषयी शंका आली.

प्रथम अवयव पाडले. नांदेडचा अंक म्हणजे ३ × ४७ × ३०६१. यांतील ३०६१ ही मूळ संख्या, म्हणजे तिच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही. लातूरचा अंक म्हणजे २ × २ × २ × ११ × ३७ × १२७. नांदेडला एक आणि ती स्वतः धरून एकंदर ८ विभाजक, लातूरला ३२. व्याहीबुवांची मुद्रा उजळली. ''म्हणजे आमचं लातूर बत्तीस तऱ्हांनी वाटलं तरी बाकी उरत नाही, अन् तुमचं नांदेड दोघांत वाटायचं म्हटलं तरी भांडण होतंय,'' असा निकाल त्यांनी दिला. त्यात तथ्यही होते, कारण नांदेडचा अंक विषम आहे. कापरेकरांनी ज्या संख्यांना हर्षद असे नाव दिले, म्हणजे ज्या आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जातात, त्यांत या दोहोंपैकी एखादी बसते काय, हेही पाहून घेतले. लातूरच्या अंकांची बेरीज १६, भागाकार २५८४४ पूर्णांक एक द्वितीयांश. लातूरचा हर्ष अवघ्या अर्ध्याने हुकला. नांदेडची बेरीज १५ आणि बाकी ६ उरते. आमच्याकडे हर्षाचा प्रश्न अर्ध्यावर येण्याच्या पुष्कळ आधीच मिटतो.

मग दोन्ही अंकांची वजाबाकी केली, आणि मराठवाड्याच्या इतिहासातील एका गहन प्रश्नाची गुरुकिल्ली अकस्मात हाती आली. या दोन शहरांत काय काय वाटले गेले, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडी कैफियत मांडतो. मुख्यमंत्रिपद दोघांनाही दोन-दोन पुरुषांच्या रूपाने लाभले: नांदेडकडून शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण, लातूरकडून शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख, आणि १९८६ मध्ये काय किंवा २००८ मध्ये काय, लातूरकर खुर्चीवरून उठले की लगोलग नांदेडकर बसले, हा क्रमही दोन्ही वेळां सांभाळला गेला. विद्येच्या बाबतीत दहावी-बारावीचे विभागीय मंडळ लातुरास आहे आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडास. त्यामुळे नांदेडच्या पोराचा शालान्त निकाल लातूरहून लागतो आणि लातूरच्या पोराला पदवी नांदेडहून मिळते, म्हणजे दोघांचेही नाक दोघांच्याही हाती आहे. इतकी समसमान वाटणी पुऱ्या महसुली इतिहासात क्वचितच झाली असेल. पण २००९ साली नवीन विभागीय आयुक्तालयासाठी नांदेडचे नाव पुढे आले आणि लातूर रस्त्यावर उतरले. तेव्हापासून निवेदने, मोर्चे, बंद आणि न्यायालये यांतून तो प्रश्न काही केल्या सुटेना. का सुटेना? ४३१६०१ मधून ४१३५१२ वजा करा. उरतात १८०८९. ही संख्या मूळ आहे. १३४ च्या आतील बत्तीसही मूळ संख्यांनी तिला एकेक करून भागून पाहावे, एकीनेही ती भागली जात नाही, आणि त्यापुढे पाहण्याची गरज उरत नाही. नांदेड आणि लातूर यांच्यातील अंतर कोणालाही, कोणत्याही प्रमाणात, वाटून देता येत नाही, हे डाक खात्याने १९७२ सालीच लिहून ठेवले होते. मंत्रालयाने ते वाचले नाही इतकेच.

हे ऐकून व्याहीबुवा प्रथमच गप्प झाले, आणि ही संधी साधून मी कापरेकरांचे ब्रह्मास्त्र बाहेर काढले. त्याची रीत सोपी आहे. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने लिहून वजा करावेत, येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तोच संस्कार करावा. जास्तीत जास्त सात वेळां असे केले की ६१७४ येते आणि मग कितीही वेळां केले तरी ६१७४ च राहते, कारण ७६४१ उणे १४६७ म्हणजे ६१७४. ही गोष्ट मद्रासच्या परिषदेत १९४९ साली मांडली गेली, तेव्हा विद्वानांनी शाळामास्तरांची करमणूक म्हणून तिच्याकडे पाहिले असावे. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या मासिक सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा कुठे आपल्या लोकांना हा मास्तर आपला असल्याचे आठवले. सहा अंकी संख्यांची व्यवस्था मात्र एवढी सरळ नाही. तेथे विश्रांतीची स्थाने दोनच, ५४९९४५ आणि ६३१७६४. आणि ज्यांना त्यांपैकी एकही लाभत नाही अशा बहुतेक संख्या सात संख्यांच्या एका फेऱ्यात सापडून अनंत काळ प्रदक्षिणा घालीत राहतात. मोक्ष थोड्यांना, भवचक्र बहुतांना, हा सिद्धांत गणितानेही मान्य केला आहे.

आता नांदेड. ४, ३, १, ६, ०, १ हे अंक उतरत्या क्रमाने लिहिले, ६४३११०, चढत्या क्रमाने ०११३४६, वजाबाकी ६३१७६४. पहिल्याच पावलाला! ज्या स्थानी पोचण्यासाठी संख्या वणवण करतात, तेथे नांदेड एका वजाबाकीत जाऊन बसले. आणि हे ६३१७६४ तरी कसे, तर कापरेकरांच्या ६१७४ मध्ये तीन आणि सहा हे दोन पाहुणे सामावून घेतलेले. मी कागद व्याहीबुवांपुढे सरकवला आणि गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली आपल्या अखेरच्या दिवसांसाठी गोदेचा हाच काठ का निवडला असावा, यावर दोन शब्द बोलण्याचा मोह महत्प्रयासाने आवरला.

लातूरची कथा लांबीची आहे, पण ती लातूरकराच्याच हस्ताक्षरात लिहिली गेल्यामुळे तिच्या सत्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ५४३२११ उणे ११२३४५, बरोबर ४३०८६६. पुढे ८३१७६२, ७५२६४३, ५३०८६५, ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४. येथे व्याहीबुवांनी चहा मागवला. पुढे ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४, आणि बाराव्या पावलाला ८५१७४२. ''आलं का ठिकाण?'' त्यांनी विचारले. मी म्हणालो, ''आलं, पण ते ठिकाण नव्हे, रिंगण आहे.'' ८५१७४२ वरून ७५०८४३, मग ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुनश्च ८५१७४२. त्यांनी दोन फेऱ्या शांतपणे पुऱ्या केल्या, तिसरीच्या मध्यावर पेन्सिल खाली ठेवली, आणि ज्या माणसाने चाळीस वर्षे फायली याच गतीने फिरवल्या, त्याला शोभेल अशा समभावाने म्हणाले, ''बंद पडलं नाही ना? मग झालं. चालू आहे म्हणजे जिवंत आहे.''

न्यायबुद्धीने सांगायचे तर या फेऱ्यात लातूर एकटे नाही. छत्रपती संभाजीनगर, बीड, हिंगोली आणि धाराशिव हे चारही जिल्हे वेगवेगळ्या आडवाटांनी येऊन ७४९९४३ या एकाच नाक्यावर भेटतात आणि तेथून सहकुटुंब रिंगणात उतरतात. जालना त्याहून व्यवहारी: ४३३२१० उणे १२३३४ म्हणजे थेट ४२०८७६, पहिल्याच वजाबाकीत रिंगणाच्या आत, मधल्या खर्चाची बातच नाही. आठ जिल्ह्यांत नांदेडच्या पंक्तीला बसते ते केवळ परभणी. ४४३११० उणे ११३४४ म्हणजे ४३१७६६, आणि दुसऱ्या पावलाला ६३१७६४. जगात जर्मनी आणि भारतात परभणी, हे इतकी वर्षे आम्ही थट्टेवारी नेत होतो. त्याला गणिताचा आधार निघेल, अशी परभणीकरांनाही अपेक्षा नसेल. आणि सर्वांत गोड भाग असा की, ज्या देवळालीचे नाव संख्यांना लागले, तिचा ४२२४०१ हा अंकदेखील ४२९९६६ वरून त्याच ७४९९४३ च्या नाक्यावर येतो आणि फेऱ्यात जातो. डोंबिवलीचा ४२१२०१ हाही, निराळ्या वाटेने का होईना, सहाव्या पावलाला त्याच फेऱ्यात. मास्तरांच्या घरची संख्या भवचक्रात आणि नांदेड मुक्त! याबद्दल डोंबिवलीकरांना फारसे वाईट वाटू नये. जागा न मिळता फेऱ्या घालीत राहण्याचा सराव त्यांना आहे.

परंतु लातूरकर हरला, असे कोणत्याही दप्तरात आजवर नोंदलेले नाही. आठ दिवसांनी व्याहीबुवांचा आंतरदेशीय पत्रावर, समासात क्रमांक घालून लिहिलेला, मुद्देसूद आक्षेप आला. मुद्दा पहिला: नांदेडच्या वजाबाकीत ०११३४६ ही जी नोंद दाखवण्यात आली आहे, ती शून्याने सुरू होते, शून्याने सुरू होणारा पिन कोड खुद्द डाक खात्याने देशात कोणालाही दिलेला नाही, सबब ती नोंद ग्राह्य धरता येत नाही. (शून्य काढले तरी किंमत तीच राहते, हे मी कळवले, त्यावर, किंमत राहत असेल पण नमुना बिघडतो, असे उत्तर आले.) मुद्दा दुसरा: या रीतीत अंकांचा मूळ क्रम मोडला जातो, म्हणून ४१३५२१ असलेले निलंगे आणि ४१३५१२ असलेले लातूर यांना एकच वाट मिळते, आणि ४१३५२० असलेले औसे तर लातूरने चार पावलांत गाठलेले ५३०८६५ एका पावलात गाठते, जिल्ह्याच्या मुख्यालयापेक्षा तालुक्याला अगोदर पोचवणारी रीत प्रशासकीय दृष्ट्या अमान्य आहे. मुद्दा तिसरा मात्र वर्मी लागणारा होता. विष्णुपुरी येथील ज्या विद्यापीठात नांदेडकर आमच्या पोरांना गणित शिकवतात, त्या विद्यापीठाचा पिन कोड ४३१६०६. त्यावर तोच संस्कार केला असता ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, मग तोच ७४९९४३ चा नाका, आणि त्यानंतर ६५२६४४ वरून ४२०८७६, म्हणजे आमचेच रिंगण. तरी नांदेडच्या मुक्तीचा दाखला नेमका कोणत्या टपाल कार्यालयाच्या हद्दीपुरता वैध आहे, याचा खुलासा व्हावा.

मी वजाबाक्या पुन्हा करून पाहिल्या. बरोबर होत्या. वजिराबादेतला माणूस मुक्त आणि काही मैलांवरचा गणिताचा प्राध्यापक बद्ध, हे सत्य पचवायला कठीण होते. पण अव्वल कारकुनाची नजर चुकत नाही.

खुलासा मी अद्याप धाडलेला नाही, कारण दरम्यान व्याहीबुवांच्या हाती याहून मोठा कागद लागला आहे. आमचे चिरंजीव आणि सूनबाई नोकरीनिमित्त पुण्यास हिंजवडीला राहतात. तेथला पिन कोड ४११०५७. त्याचे ७५४११० उणे ११४५७ केले असता ७४२६५३ येते, आणि दुसऱ्या पावलाला ५३०८६५. जेथे लातूर चौथ्या पावलाला पोचते, नेमके तेथेच, आणि तेथून पुढची सारी वाट लातूरचीच. ''पोरं कुठंही गेली तरी दुसऱ्या पावलाला माहेरच्या वाटेला लागतात, हे तुमच्याच मास्तरांनी सिद्ध केलंय,'' असे त्यांनी दूरध्वनीवरून मला, सूनबाईला आणि, आवाजाच्या पट्टीवरून पाहता, शेजाऱ्यांनाही कळवले. चिरंजिवांनी मध्यंतरी वाकडला घर घेतले तेव्हा मला किंचित आशा वाटली होती. पण वाकडचाही पिन कोड तोच निघाला, आणि लातुरात पेढे वाटले गेले.